मुरबाडचे मानाचे पाहुणे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पुढं कुठंतरी मधेच तुम्हाला हसू येईनासं होईल, आणि मग माझ्याकडे बघून काय करावं ते सुचणार नाही. मूर्खपणा मी पुष्कळ केलाय. पण चाळीस माणसांना एका सकाळी रडवायचं, भर डिसेंबरात नदीत बुडवायचं आणि स्वतःच्या धडधाकट बापाचा दहावा घालायचा, हे सगळं एका झटक्यात मी एकदाच केलं. तेही गाण्यापायी.

लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी नुकताच विलायतेहून शहापूरला परतलो होतो. आमचं घर भातशेतीवालं. पण बाराव्या वर्षी मला बडोद्याला मावशीकडे शिकायला धाडलं, तिथून शिष्यवृत्तीवर मी विलायत गाठली, आणि परत आलो तो डोक्यात नुसता जाळ घेऊन. खेडं सुधारायचं होतं मला. कुठलं म्हणून विचारू नका. समोर येईल ते.

आता गाण्याचं. तिकडे उत्तरेतल्या एका शहरात शिकत असताना, नाताळच्या आठवड्यात, एका सहाशे वर्षं जुन्या दगडी सभागृहात मी ते ऐकलं. बरोक म्हणतात त्या शैलीला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या रचना, वाद्यं जवळजवळ नाहीतच, नुसते माणसांचे आवाज. खालचे आवाज भिंतीसारखे उभे राहतात आणि वरचे त्यांच्यावर वेलासारखे चढत जातात. बाहेर बर्फाचा काळा चिखल झाला होता. आणि माझ्या कोटाच्या खिशात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र होतं : तुझी आई गेली, तू येऊ नकोस, परीक्षा दे.

त्या दीड तासात मी रडलो नाही. पण आत जाताना माझे पाय उचलत नव्हते आणि बाहेर पडताना मला चालता येत होतं. यापलीकडे मला ते सांगता येत नाही.

आई गेली त्यातच आमचं घर मोडलं. माझी थोरली बहीण गोदाताई मुरबाडच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. आई गेल्याचं तिला कार्डानं कळवलं, आणि ते कार्ड पोचलं पाचव्या दिवशी. ताई धावत आली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. आबांनी मुद्दाम उशीर केला, असा तिनं आळ घेतला. दारातच उभी राहून म्हणाली, "माझा बाप पण आज मेला." आणि पाणीही न पिता माघारी गेली. आबांनी तिला हाक मारली नाही. ते हट्टी, ती त्यांचीच मुलगी. तीन वर्षं झाली होती. दोघं एकमेकांचं नावसुद्धा घेत नव्हते.

मला त्या दोघांना एका छपराखाली बसवून ते गाणं ऐकवायचं होतं. बस्स. मला जे झालं ते त्यांना होईल, बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही, अशी माझी पक्की समजूत. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो हे लक्षात घ्या.

शहापुरात भारंगी नदीच्या घाटावर एक जुनी धर्मशाळा होती. पेशवाईतली, असं म्हणत. दगडी कमानी, सागवानी तुळया, वर वटवाघळं. मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली, ती चार वेळा परत आली. सभागृह ठरलं. त्याच घाटावर लोक दहावे-बारावे करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आवाज घुमतो हे मला त्याहून मोठं वाटलं.

गाणारे मिळाले कल्याणच्या रेल्वे वसाहतीत. त्यांचे म्होरके मास्तर कायतान, मूळचे गोव्याचे. डोक्यावर चार केस, पण छातीत पितळी घंटा. चौदा जणांचं पथक घेऊन यायला ते एका शब्दात तयार झाले.

"मास्तर, खेड्यातली माणसं आहेत," मी म्हटलं. "त्यांना समजेल ना?"

"वसाहतीतल्या लोकांना कुठं समजतंय, मॅन? ते केक खायला येतात."

आता येतो मुख्य पराक्रमाकडे. विलायतेतल्या त्या सभागृहात मानाच्या पाहुण्यांच्या तिकिटाचा एक कोपरा तिरपा कापलेला असे. कापलेला कोपरा दिसला की दारावरचा माणूस जरा झुकून त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवी. मला ही पद्धत फार देखणी वाटली होती. शहापूरच्या लोकांना मी तोंडीच सांगितलं, ती घरचीच माणसं. पण मुरबाडकडून एवढ्या लांबून येणारे आमचे नातलग, मामा, ताई, ताईच्या सासरची मंडळी, हे मानाचे पाहुणे. मी चाळीस पोस्टकार्डं आणली, वळणदार अक्षरात लिहिली, आणि आईच्या शिवणातली कात्री घेऊन चाळीसही कार्डांचा कोपरा कापला.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कपाळाला हात लावला असेल. लावा. ज्यांनी लावला नाही त्यांना सांगतो : आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड आलं म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचतात, तिथंच फाडतात आणि अंघोळ करतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला नव्हतं. लहानपणी असलं कार्ड माझ्या हाती कोण देणार? आणि पुढं माझ्या वाट्याला आलेली ती एकच बातमी बंद पाकिटातून समुद्र ओलांडून आली होती.

कार्डावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : 'मंगळवारी सकाळी अकरा वाजता शहापूरच्या घाटावरील धर्मशाळेत सर्वांनी जमावे.' गाण्याचं सगळं त्याच्याखाली. ताईच्या कार्डावर आणखी दोन ओळी होत्या : 'आबाही असतील. एकदा ऐक, मग काय ते ठरव.'

पोस्टमास्तर देशावरून नव्यानं बदलून आलेले, आमच्या घरच्यांना ओळखत नव्हते. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

"एवढी?" ते हळू आवाजात म्हणाले.

"गणगोत मोठं आहे."

"घरचंच ना?"

"घरचंच. सगळं मी एकटाच करतोय."

"म्हणजे... वडील?"

"त्यांना त्रास झाला," मी खरं तेच सांगितलं. "आठ दिवस कुरकुर चालली होती. शेवटी मी म्हटलं, आबा, एकदाचं होऊन जाऊ दे. कालपासून गप्प आहेत."

पोस्टमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "धीराचे आहात," म्हणाले. मग त्यांनी एकेक कार्डावर शिक्का मारला, कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी घेतलं आणि हात धुतले. मला वाटलं, शाईचे.

शहापूरचं टपाल मुरबाडला जायचं ते कल्याणवरून वळसा घालून. तिथून पुढं खेडोपाडी पोचायचं ते बाजाराच्या दिवशी. माझी चाळीस कार्डं अशीच भर बाजारात, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, वाटली गेली. चाळीस कापलेले कोपरे, एकाच गावाहून, एकाच हातचे. आमच्या धोंडूमामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एका दुकानदाराला कार्ड दाखवलं. त्यानं पहिली ओळ वाचली : मंगळवार, घाट, सर्वांनी जमावे. खाली सही मुलाची. म्हणजे गेला तो बाप, कार्डाला नेहमीसारखा उशीर झाला, आणि उद्या दहावा. पुढचं कोण वाचतो? असलं कार्ड हातात फार वेळ धरत नाहीत. तिथल्या तिथं फाडलं. बाकीच्यांनीही फाडली. हे सगळं मला मागाहून कळलं.

मंगळवारी सकाळी नदीवर धुकं होतं. शहापुरातलं कुणीच आलं नाही. पाद्र्याची माणसं येणार आणि गाता गाता आपल्याला बाटवणार, अशी कुजबूज गावात झाली होती. कायतान मास्तरांचं पथक आसनगाव स्टेशनावर उतरून एका बैलगाडीनं पोचलं, पण त्यांची घडीची पायपेटी, पायानं भाता चालवायची हार्मोनियम, स्टेशनावरच राहिली. दुसऱ्या गाडीचा गडी तापानं पडलेला. तेव्हा, आठ दिवस माझ्यावर धुसफुसणाऱ्या आबांनी मुकाट्यानं आपले बैल जुंपले.

"तुम्ही कशाला जाता, आबा?"

"पेटी आनाया. ती तरी माझ्याशी वाद नाय घालणार."

आबा गेले, आणि इकडे मुरबाडच्या गाड्या थेट घाटाशी येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर चालून बैलांच्या तोंडाला फेस आला होता. माणसं उतरली. कुणी राम राम केला नाही. सगळे अनवाणी, आणि पुरुषांनी पागोटी काढून काखेत धरलेली. तिकडे सभागृहात शिरताना पुरुष हॅट काढतात. इथं यांना हे कुणी शिकवलं? उपजत संस्कृती म्हणतात ती हीच, असं मनात म्हणून मी गहिवरलो.

धोंडूमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर रे, महादू."

"धरलाय, मामा. पण पोटात गोळा आलाय."

"येनारच. आता सगळा भार तुझ्यावर."

"आधीपासून माझ्यावरच आहे. आबांनी कशाला हात लावला नाही."

मामा जरा मागं सरकले. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "केस नाय काढलेस?"

"परवाच कापले की, कल्याणला."

मामांनी सुस्कारा सोडला. मग त्यांची नजर आत ओळीनं उभ्या असलेल्या काळ्या डगल्यांवर गेली. "ही कोन मानसं? रडाया आनलीस?"

"गायला, मामा."

"शिकल्यावर तसं करतात वाटतं," ते म्हणाले आणि जाऊन खाली बसले. पुढं, मानाच्या जागी.

शेवटच्या गाडीतून ताई उतरली. विलायतेला गेल्यापासून मी तिला पाहिलं नव्हतं. वाळली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, एका खांबाला टेकून ती जमिनीवरच बसली. आली. ताई आली. माझं अक्षर वाचून आली, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला कुणी विलायतेचं राज्य दिलं असतं तरी मी घेतलं नसतं.

"मास्तर, पेटी यायची आहे अजून," मी कायतानांना म्हटलं.

"पेटी काय करायची? हे बघ कसे बसलेत." त्यांनी हात वर केला.

खालचा आवाज उठला. कमानींनी तो झेलला आणि परत दिला. मग दुसरा, मग तिसरा. ती रचना नाताळची, जन्माच्या आनंदाची होती, हे मी शपथेवर सांगतो, पण सुरुवातीला ती फार सावकाश चालते. आणि तिसऱ्याच ओळीला मुरबाडच्या बायकांनी हंबरडा फोडला.

मला काय वाटलं असेल, सांगा बरं. संगीताला भाषा लागत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. आता ते डोळ्यांपुढं घडत होतं. लॅटिनचं अक्षर न कळणारी माणसं ऊर बडवत होती. माझ्याही डोळ्यांना धार लागली. कायतान मास्तरांनी एकदा मागं वळून पाहिलं; एवढे रडणारे श्रोते त्यांनी जन्मात पाहिले नसावेत. ते आणखी जोरानं गाऊ लागले. ते जोरात, म्हणून बायका जोरात. पथकातली एक पोरगेलीशी मुलगी तर गाता गाता स्वतःच रडायला लागली.

त्या सगळ्याच्या खालून मला ताईचा आवाज ऐकू आला. ती पुढं-मागं झुलत बोलत होती.

"आबा, दारात उभी ऱ्हाऊन बोलले मी. बाप मेला बोलले. माझाच शब्द लागला तुमाला. मी रोज वाटेकडं बघायची, आबा. वाटायचं आज बैल जुंपतील, आज येतील. तुमी मानी, नाय आलात. मी पन नाय आले. आता मी कुनावर रुसू?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, ही गाण्याला रडत नाही. तुम्ही म्हणाल, एवढा उशीर? हो, एवढा. मी शिकलेला होतो ना.

आणि नेमके त्याच वेळी कमानीत आबा उभे राहिले. पायपेटी खांद्यावर, अंगभर रस्त्याची पांढरी धूळ.

पुढच्या रांगेतलं रडणं थांबलं. मग त्यामागचं. पथक मात्र गातच होतं, त्यांची पाठ कमानीकडे. धोंडूमामांनी माझा सदरा ओढला.

"महादू, त्यो कोन रे?"

"आबा."

"त्ये दिसतंय. मंग आमी रडतोय कुनाला?"

मी हळूच सदरा सोडवून घेतला.

ताईचा पदर डोळ्यांवर होता, तिला काही दिसलं नव्हतं. ती बोलतच होती, आईच्या वेळचं, कार्डाचं, धरून ठेवलेल्या अबोल्याचं. आबा दहा पावलांवर ती पेटी खांद्यावर घेऊन उभे होते आणि ऐकत होते. पेटी जड होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही. ताईच्या तोंडचे शब्द संपले तेव्हाच ठेवली.

"गोदे," ते म्हणाले, "पानी पी जरा."

ताईनं पदर वर केला. तिनं आबांकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, नीट. ती ओरडली नाही, धावली नाही. माझ्याकडे वळली.

"कार्ड तू धाडलंस?"

"हो."

"कोपरा कुनी कापला?"

"मी. मानाच्या पाहुण्यांचा म्हणून... तिकडे तशी पद्धत..."

तिनं पुढं ऐकलं नाही. उठून बाहेर घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

गाणं संपलं. कायतान मास्तरांनी वळून झुकून नमस्कार केला. समोर चाळीस माणसं दगड होऊन बसलेली.

मामा उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "रडलो ते रडलो. अंगावर तसंच घेऊन घरी जायचं नाय." आणि ते नदीत उतरले. त्यांच्यामागं सगळे. पाणी इतकं गार होतं की माणसं डुबकी मारून वर आली की त्यांचे दात वाजलेले काठावर ऐकू येत.

कायतान मास्तर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"सगळे?" ते कुजबुजले. "सगळे उतरले, मॅन? वसाहतीत माझ्या गाण्यानं एक माणूस प्रार्थनेला वेळेवर आला नाही, आणि इथं..."

त्यांना खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. नदीपलीकडे दोन शहापूरकर गुरं पाजत होते, त्यांनीही हाच अर्थ काढला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की आबांच्या पोरानं चाळीस जण एकदम बाटवले. खेडं सुधारायला मी एक शाळा काढणार होतो; तीत त्या वर्षी एकही मूल आलं नाही.

आबा पायऱ्यांवर ताईपासून दोन पायऱ्या वर बसले होते. मी मागं उभा होतो, पण मला कुणी मोजत नव्हतं.

"आलीस," आबा म्हणाले.

"तुमी मेलात म्हनून आले."

"नसतो मेलो तर?"

"नसते आले."

आबा नदीकडे बघत म्हणाले, "आईच्या वक्ताला कार्ड मी त्याच दिवशी धाडलं होतं, गोदे. माझ्या हातानं टपालाच्या पेटीत टाकलं."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सासूनं घरात चूल बंद ठेवलीय. बाजारभर झालंय. मी जाऊन सांगितलं तर बोलतील, दुःखानं बाई भ्रमली."

"मी येतो. डोळ्यांनी बघतील."

ताईनं मान वर केली. "माझ्या घरी?"

"मंग कुनाच्या?"

एवढंच. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आबा त्या खेपेला ताईकडे आठ दिवस राहिले. मुरबाडच्या बाजारात त्यांना दुकानोदुकानी उभं करून दाखवावं लागलं म्हणे. पुढं दीड वर्षानं ते खरोखर गेले, तेव्हा ताई उशाशी होती. पण ते सांगायला तुम्हाला बसवलेलं नाही.

गाडी जुंपली. आबा पुढं बसले, ताई मागं, दोघांच्या पाठी एकमेकांकडे. मी म्हटलं, "मीही येतो."

"नको," आबा म्हणाले. "तू हितंच ऱ्हा. तुला बघून लोकांना वाटंल, अजून कोन गेलं."

चाकं फिरली. आणि इतकं सगळं होऊनही, तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती. ती विचारल्याशिवाय मला राहवेना. मी गाडीमागं चार पावलं धावलो.

"ताई, गाणं कसं वाटलं?"

ताईनं वळून पाहिलं. डोळे सुजलेले. "कंचं गाणं?"

"अगं, ती काळ्या डगल्यांतली माणसं नव्हती का उभी..."

ती जरा विचारात पडली.

"ती गात होती होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांचं पन कुनीतरी गेलं असंल."